गाडी सुरू होत नाही? बोनेट उघडण्यापूर्वी कान द्या

रायबंदरहून निघालेली फेरीबोट चोडणच्या धक्क्याला लागते, पुढचा रॅम्प खाली येतो आणि नेमकी पहिल्या रांगेतली गाडी सुरू होत नाही. चालक चावी फिरवतो, पुन्हा फिरवतो. मागून हॉर्न वाजू लागतात, तशी त्याची घाई वाढते आणि तो सलग आठ-दहा वेळा चावी फिरवून पाहतो. एव्हाना भोवती चार माणसे जमलेली असतात आणि त्यांचे निदान ठरलेले असते : ‘बॅटरी गेली!’ कधी ते बरोबर ठरते. पुष्कळदा मात्र नवी बॅटरी बसवल्यानंतर आठवड्याभरात तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

गाडी सुरू न होण्याची कारणे अनेक असली तरी ती ओळखण्याची रीत अवघड नाही. चावी फिरवल्यावर कोणता आवाज येतो, डॅशबोर्डवरचे दिवे कसे वागतात आणि इंजिन फिरते की नाही, या तीन गोष्टी नीट टिपल्या तर निम्म्याहून अधिक शक्यता जागच्या जागी बाद होतात. प्रस्तुत लेखात हाताने गिअर टाकावा लागणाऱ्या पेट्रोल आणि डिझेल मोटारींचा विचार केला आहे. निदानाचा क्रम, घरच्या घरी करता येण्याजोगे उपाय आणि ज्या कामाला आपण हात लावू नये ती कामे, असे तीन भाग त्यात ओघाने येतील.

चावी फिरवल्यावर काय घडते?

पूर्वी मोटारीच्या तोंडाशी उभे राहून लोखंडी दांड्याने इंजिन फिरवावे लागे. दांडा उलटा फिरला तर मनगट मोडत असे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने तयार केलेला विजेवरचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत आला आणि हा धोका संपला. आपण बोलताना ज्याला ‘सेल्फ’ म्हणतो तो हाच. त्याच्या कामाचे मूळ तत्त्व आजही बदललेले नाही.

चावी फिरवली किंवा बटण दाबले की बॅटरीतून एक छोटा प्रवाह इग्निशन स्विच, क्लचजवळचा स्विच आणि रिले यांतून स्टार्टरवरच्या सोलेनॉइडपर्यंत जातो. सोलेनॉइड दोन कामे करतो. स्टार्टरचे लहान दातेरी चाक तो पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो आणि त्याच वेळी बॅटरीचा मोठा प्रवाह मोटरला जोडून देतो. लहान पेट्रोल गाडीतही हा प्रवाह शंभर अँपिअरच्या पुढे जातो. डिझेलला त्याहून बराच अधिक लागतो. इंजिन असे फिरू लागले की पेट्रोल गाडीत इंधन आणि ठिणगी, तर डिझेल गाडीत इंधन आणि दाबाने तापलेली हवा पुढचे काम करतात.

ही एक साखळी आहे. तिची कोणतीही कडी तुटली तरी गाडी सुरू होत नाही, पण प्रत्येक कडी तुटल्याचा आवाज वेगळा असतो. निदानाचे सगळे रहस्य यात आहे.

पहिले काम : गिअर न्यूट्रलवर

चढणीवर गाडी उभी करताना हँडब्रेकसोबत पहिला गिअर टाकून ठेवण्याची सवय चांगली आहे. मात्र सकाळी ती गोष्ट विसरून चावी फिरवली, तर क्लचचा स्विच नसलेली जुनी गाडी स्टार्टरच्या जोरावर पुढे उडी घेते. समोर भिंत असेल तर बंपरवर निभावते. माणूस असेल तर निभावत नाही. बोनेट उघडून एकाने आत हात घातला आहे आणि दुसरा चावी फिरवतो आहे, अशा वेळी हा धोका सर्वांत मोठा असतो.

म्हणून कोणत्याही तपासणीपूर्वी हँडब्रेक ओढावा, गिअरचा दांडा डावी-उजवीकडे मोकळा हलतो का ते पाहून न्यूट्रलची खात्री करावी आणि क्लच तळापर्यंत दाबावा. यातली शेवटची पायरी हीच कधी कधी पूर्ण दुरुस्ती ठरते. अलीकडच्या अनेक गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टरला वीजच मिळत नाही. पायाखाली जाड मॅट सरकून आलेली असेल, तर क्लच दाबल्यासारखा वाटतो पण स्विचपर्यंत पोहोचत नाही. मॅट मागे ओढून पाहण्यास पैसे लागत नाहीत.

चावीच फिरत नसेल तर बहुधा स्टिअरिंगचे कुलूप ताणात अडकलेले असते. स्टिअरिंग हलकेच दोन्ही बाजूंना हलवत चावी फिरवावी. जोर लावू नये. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीत ‘चावी सापडली नाही’ अशा अर्थाची सूचना दिसली, तर चावीतला तीन व्होल्टचा छोटा सेल उतरलेला असण्याची शक्यता असते. बहुतेक अशा गाड्यांत चावी थेट बटणाला टेकवून गाडी सुरू करण्याची सोय असते.

दुसरे काम : आवाज ओळखणे

आता खिडकीच्या काचा वर घ्याव्यात, रेडिओ आणि वातानुकूलन बंद करावे, हेडलाइट लावावेत आणि एकदाच, तीन-चार सेकंदांपुरती चावी फिरवावी. पुढीलपैकी काय घडते ते पाहावे.

काहीच आवाज नाही आणि दिवेही नाहीत. बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा तिचे एखादे टर्मिनल सुटले आहे. कालपर्यंत गाडी ठणठणीत होती आणि आज एकाएकी सगळे मेले, असे असेल तर टर्मिनल आणि मुख्य फ्यूज यांकडे आधी पाहावे. बॅटरी सहसा थोडी पूर्वसूचना देऊन जाते.

‘टक-टक-टक-टक’ असा भराभर आवाज येतो, दिवे लुकलुकतात. सोलेनॉइड ओढला जातो, मोटर प्रवाह मागते, बॅटरीचा दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो आणि हेच चक्र पुन्हा सुरू होते. बॅटरी अशक्त असल्याची किंवा टर्मिनलची जोडणी खराब असल्याची ही खूण आहे.

एकच जोरकस ‘टक्’ येतो आणि पुढे शांतता. सोलेनॉइड काम करतो पण मोटर फिरत नाही. या वेळी हेडलाइट एकदम मंदावले, तर मोटरकडे प्रवाह जातो आहे परंतु ती अडकली आहे किंवा बॅटरीला ओझे झेपत नाही. हेडलाइट तसेच तेजस्वी राहिले, तर सोलेनॉइडमधले संपर्क झिजले आहेत किंवा स्टार्टरचे कार्बन ब्रश संपत आले आहेत असे समजावे.

दिवे स्वच्छ, हेडलाइट तेजस्वी, पण आवाज मुळीच नाही. छोटा प्रवाह सोलेनॉइडपर्यंत पोहोचतच नाही. क्लचचा स्विच, रिले, फ्यूज, इग्निशन स्विच किंवा इमोबिलायझर यांपैकी एकाकडे संशय जातो. इथे बॅटरी बदलणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय.

इंजिन फिरते, पण जड, रेंगाळत. बॅटरी अर्धी उतरली आहे, जोडणीत अडथळा आहे किंवा स्टार्टर म्हातारा झाला आहे.

मोटर घोंघावते, इंजिन मात्र जागचे हलत नाही. स्टार्टरचे दातेरी चाक पुढे येत नाही किंवा मोकळे फिरते आहे. सोबत दाते खरवडल्याचा कर्कश आवाज येत असेल, तर फ्लायव्हीलच्या कड्याचे दातेही गेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी प्रयत्न थांबवावेत; प्रत्येक प्रयत्नागणिक खर्च वाढतो.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण सुरू होत नाही. बॅटरी आणि स्टार्टर निर्दोष आहेत. दोष इंधनात, ठिणगीत किंवा संगणकाला माहिती देणाऱ्या सेन्सरमध्ये आहे.

पहिली सहा लक्षणे विजेची आणि स्टार्टरची आहेत, सातवे वेगळ्या वाटेचे. एवढा भेद मनात पक्का झाला तरी फेरीबोटीवरचा तो घोळका निरुत्तर होतो.

बॅटरी : अंदाज नको, माप घ्या

हार्डवेअरच्या किंवा विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारा साधा मल्टिमीटर प्रत्येक गाडीमालकाकडे असावा. गाडी काही तास बंद ठेवल्यानंतर बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसले, तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. म्हणजे भरलेली आणि रिकामी यांत सुमारे अर्ध्या व्होल्टचेच अंतर असते. म्हणून ‘बारा दाखवते, म्हणजे ठीक आहे’ हा समज घातक आहे.

दुसरे माप स्टार्टर फिरत असताना घ्यावे. आकडा साधारण ९.६ व्होल्टच्या खाली कोसळला, तर बॅटरीची ताकद संपली आहे. तिसरे माप गाडी सुरू झाल्यावर : तेव्हा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यावा. काही नव्या गाड्यांत संगणक तो गरजेनुसार कमी-जास्त करतो. पण तो १२.५ च्या आसपासच घुटमळत राहिला, तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही, आणि नवी बॅटरीही दोन दिवसांत तशीच उतरेल.

बॅटरीच्या टर्मिनलांवर पांढरी-हिरवट पूड जमली असेल, तर आधी ऋण आणि मग धन टर्मिनल सोडवावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, ब्रशने घासून कोरडे करावे, जोडताना आधी धन आणि मग ऋण घट्ट आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. काम करताना अंगठी आणि धातूचे कडे काढून ठेवावे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या, दमट हवेत ही पूड लवकर धरते. दर दोन-तीन महिन्यांनी पाहणे इष्ट.

टर्मिनलांइतकीच महत्त्वाची, पण सहसा दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे अर्थिंगची पट्टी. बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला आणि सांगाडा इंजिनाला जाड तारेने जोडलेला असतो. ती तार गंजली की मोठा प्रवाह अडतो. प्रस्तुत लेखकाच्या जुन्या गाडीने एका पावसाळ्यात असाच छळ मांडला होता. गॅरेजमध्ये बॅटरी बदलली. चौथ्या दिवशी पुन्हा तीच ‘टक-टक’. नव्या बॅटरीचे माप १२.६ आले, तेव्हा दुसऱ्या एका मेकॅनिकने जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावले. चावी फिरवताच इंजिन चटकन फिरले. दोष सापडला होता : एक वीतभर लांबीची गंजलेली पट्टी. जुनी बॅटरी तोवर भंगारात गेली होती, आणि तिच्यात काही बिघाड होता की नाही हे कधीच कळले नाही.

ही परीक्षा कोणालाही करता येते. केबल फिरणाऱ्या पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून दूर राहील एवढी काळजी मात्र घ्यावी.

इंजिन फिरते, पण सुरू होत नाही

पेट्रोल गाडीत चावी ‘ऑन’ करून क्षणभर थांबावे. मागच्या आसनाखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुणल्यासारखा आवाज यायला हवा, तो इंधनपंपाचा. आवाज आला नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले तपासावेत. फ्यूजच्या पेटीत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, असेल तर दोघांची अदलाबदल करून पाहता येते. काही गाड्यांत धक्का बसताच इंधन तोडणारा सुरक्षा-स्विच असतो. मोठ्या खड्ड्यात गाडी आपटल्यानंतर ती बंद पडली असेल तर त्याची आठवण ठेवावी. आणि इंधनाच्या काट्यावर अंधविश्वास नसावा. उतारावर तिरक्या उभ्या असलेल्या गाडीत टाकीच्या तळचे थोडे पेट्रोल पंपापर्यंत पोहोचतही नाही.

स्टार्टर मारताना इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा किंचित उचलला जातो का, तेही पाहावे. अनेक गाड्यांत तो शून्यावर निपचित पडून राहिला, तर क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर बिघडल्याचा संशय घेता येतो. या सेन्सरची एक खास खोड आहे : गार असताना तो नीट चालतो, इंजिन तापले की दगा देतो आणि अर्धा तास थांबल्यावर पुन्हा शहाणा होतो. ‘सकाळी सुरू होते, बाजारातून परतताना होत नाही’ ही तक्रार असेल तर मेकॅनिकला हे आवर्जून सांगावे.

जुन्या, डिस्ट्रिब्यूटर असलेल्या गाड्यांत पावसाळी दमट हवा हेच एक कारण असते. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात आणि प्लगच्या वायरींवर ओल साचते आणि ठिणगी वाटेतच निसटते. इग्निशन बंद करून कोरड्या कापडाने टोपण आतून-बाहेरून पुसल्यावर गाडी सुरू होते. वारंवार सेल्फ मारून प्लग पेट्रोलने भिजले असतील, तर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. अनेक इंजेक्शन गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारल्यास संगणक इंधन तोडतो आणि सिलिंडर कोरडे होण्यास मदत होते.

इंजिन नेहमीपेक्षा हलके, वेगाने आणि एकसुरी आवाजात फिरते आहे असे वाटले, तर त्याच क्षणी थांबावे. टायमिंग बेल्ट तुटल्याचे हे लक्षण असू शकते. पुढे प्रयत्न केल्यास व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

डिझेल गाडीला ठिणगी लागत नाही. तिला दाब, उष्णता आणि हवाविरहित इंधन लागते. चावी ‘ऑन’ केल्यावर वेटोळ्याच्या खुणेचा दिवा विझेपर्यंत थांबावे. गोव्याच्या हवामानात एखादा हीटर प्लग गेलेला असला तरी गाडी सुरू होते. पण पहाटेच्या गारव्यात ती कुरकुरते आणि धुरकांड्यातून पांढरा धूर सोडते. टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत चालवली असेल, तर नळ्यांत हवा शिरते. नव्याने डिझेल भरल्यावर फिल्टरजवळचा हातपंप, असल्यास, तो घट्ट होईपर्यंत दाबावा. फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवा लागला असेल तर ते काढून घ्यावे. आजच्या डिझेल इंजिनांत इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांतला दाब हजार बारच्या पुढे जातो. त्या नळ्यांचे नट घरी सैल करू नयेत. इंधनाची बारीक धार कातडीत शिरते.

गाडी सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चित्र लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरला चावीची ओळख पटलेली नाही. दुसरी चावी वापरून पाहावी. किल्ल्यांच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची तशीच चावी अडकवलेली असेल तर ती बाजूला काढावी.

धक्का कधी मारावा, कधी नाही

हाताने गिअर टाकण्याच्या गाडीचे हे एक मोठे सुख : बॅटरी दुबळी असली तरी चार माणसांच्या जोरावर ती सुरू होऊ शकते. चावी ‘ऑन’ ठेवावी, दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरावा, गाडी धावत्या माणसाच्या वेगाला पोहोचली की क्लच झटकन सोडावा आणि इंजिन लागताच तो पुन्हा दाबावा. पहिल्या गिअरमध्ये चाके एकदम अडतात आणि हिसका बसतो, म्हणून दुसरा.

या कृतीला मर्यादा आहेत. इंजिन बंद असताना ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य मिळत नाही. दोन्ही जड होतात. त्यामुळे उतारावर, वाहत्या रस्त्यावर किंवा फेरीबोटीच्या रॅम्पवर हा प्रयोग करू नये. चालत्या गाडीत चावी बंद करून काढू नये, स्टिअरिंगला कुलूप बसते. दोराने ओढून सुरू करू नये; इंजिन लागताच मागची गाडी पुढच्या गाडीवर जाते. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर इंधनपंप आणि संगणक चालतच नाहीत, मग कितीही ढकलले तरी उपयोग नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्टार्टर इंजिनाला नीट फिरवत असेल तर धक्का मारण्यात अर्थ नाही. जे काम स्टार्टरने आधीच केले तेच माणसे पुन्हा करतात. शिवाय न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग खराब होऊ शकतो.

गिअरचा आणखी एक उपयोग निदानासाठी होतो. एकच ‘टक्’ येऊन सगळे थांबत असेल, तर इग्निशन बंद करावे, चौथा गिअर टाकावा, हँडब्रेक सोडावा आणि सपाट जागी गाडी हलकेच पुढे-मागे ढकलावी. ती थोड्या जोराने हलली तर इंजिन मोकळे आहे. कधी अडकलेले स्टार्टरचे चाकही याच हालचालीने सुटते. गाडी खिळल्यासारखी उभी राहिली, तर इंजिन आतून अडकले आहे आणि तिला ओढून नेण्याची व्यवस्था करावी.

जंपर केबल जोडण्याचा क्रम

दोन्ही गाड्या बंद आणि न्यूट्रलवर असाव्यात, एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला आणि दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला लावावे. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटत असतो. शेवटची ठिणगी त्याच्याजवळ पडू नये, हा त्यामागचा हेतू. चांगली गाडी चार-पाच मिनिटे चालू ठेवून मग दुसरी सुरू करावी आणि केबल उलट क्रमाने काढाव्यात. फुगलेल्या, तडा गेलेल्या किंवा गळणाऱ्या बॅटरीला केबल लावू नये.

गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असे नव्हे. पूर्ण उतरलेली बॅटरी छोट्या फेरीत भरत नाही; ती चार्जरवर रात्रभर ठेवणे उत्तम.

पावसाळा, पाणी आणि महिनोन्‌महिने उभी गाडी

गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली किंवा रात्री उभी असताना पाणी बंपरच्या वर चढले, तर एक नियम अपवादाशिवाय पाळावा : चावी फिरवू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचे काम लाखाच्या घरात जाऊ शकते. धक्काही मारू नये. गाडी ओढून न्यावी आणि एअर फिल्टर ओला आहे का, ऑइलचा रंग दुधाळ झाला आहे का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. पाण्यात गाडी सुरू केल्यामुळे झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. आपल्या पॉलिसीत ते आहे का, हे आजच पाहावे.

पावसात उंदीर उबेसाठी बोनेटखाली आश्रय घेतात आणि वायरी कुरतडतात. सकाळी अचानक काहीच काम करत नसेल, तर बोनेट उघडून कुरतडलेले तुकडे, लेंड्या किंवा घरट्याचा कचरा दिसतो का ते पाहावे.

गोव्यात बोटीवर किंवा परदेशी नोकरीस असलेल्यांच्या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म आणि संगणक थोडी वीज घेत राहतात. हा प्रवाह ५० मिलीअँपिअर धरला, तर लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी ७०० तासांत, म्हणजे एकोणतीस दिवसांत पूर्ण रिकामी होईल. आणि गाडी सुरू करण्याची ताकद त्याच्या बरीच आधी जाईल. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याने ही तूट भरून निघत नाही. घरच्यांनी गाडी अर्धा तास चालवावी, किंवा दीर्घ मुक्कामासाठी जाताना ऋण टर्मिनल सोडवून ठेवावे. अनेक महिने उभ्या गाडीतले पेट्रोलही जुने होते. त्यातले इथेनॉल हवेतला ओलावा धरते.

गॅरेजमध्ये काय सांगावे

‘गाडी चालू होत नाही’ एवढेच सांगितले, की मेकॅनिकला अंदाजाने सुरुवात करावी लागते आणि त्या अंदाजांची किंमत मालक मोजतो. त्याऐवजी चार वाक्ये लिहून न्यावीत : इंजिन फिरते की नाही, कोणता आवाज येतो, गाडी गार असताना की तापल्यावर अडते, आणि बॅटरीचे माप किती आले. शक्य असल्यास सुरू करतानाचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकवावा. कोणताही भाग बदलण्यापूर्वी तो कोणत्या तपासणीत नापास झाला हे विचारावे, आणि काढलेला जुना भाग परत मागावा.

राहता राहिली घाई. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे. तेवढ्यात मोटर निवते आणि बॅटरी थोडी सावरते. मागे कितीही हॉर्न वाजत असले तरी हा अर्धा मिनिट सोडू नये. गिअर, क्लच, मॅट, दिवे आणि टर्मिनल एवढे पाहून होण्यास तो पुरेसा असतो.